डोळ्याची शस्त्रक्रिया : दुसरे मत आणि विम्याचा हिशेब

"मोतीबिंदू पिकला आहे, याच आठवड्यात काढून टाकू. विमा आहे ना? मग काळजी कसली!" साठी ओलांडलेल्या अनेक वाचकांनी हे वाक्य ऐकले असेल. त्यात दोन निर्णय एका दमात उरकले जातात. एक वैद्यकीय, दुसरा पैशाचा. दोन्ही निर्णय आपले आहेत आणि दोहोंसाठी आपल्याला वेळ मागता येतो. या लेखात त्या वेळेचा उपयोग कसा करावा, हे क्रमाने पाहू.

'पिकणे' हा शब्द जुन्या काळातून आला आहे. पूर्वी संपूर्ण भिंग बाहेर काढावे लागे, म्हणून मोतीबिंदू पक्व होण्याची वाट पाहिली जाई. आज सूक्ष्म छेदातून ध्वनिलहरींच्या साहाय्याने भिंग विरघळवून काढतात, त्यामुळे पिकण्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. पण त्याचा अर्थ मोतीबिंदू दिसला की लगेच शस्त्रक्रिया, असाही नाही. वाचन, स्वयंपाक, जिने उतरणे, रात्री रस्ता ओलांडणे यांत अडथळा येऊ लागला, की ती करण्याची वेळ आली असे सर्वसाधारणपणे मानतात. मोतीबिंदू फारच जून झाला तर शस्त्रक्रिया अवघड होते आणि क्वचित डोळ्यातील दाबही वाढतो, हेही खरे. म्हणजे वर्षानुवर्षे टाळू नये, पण दोन-तीन आठवडे विचाराला घेतल्याने बहुतेकांचे काही बिघडत नाही.

कुठे थांबू नये

काही लक्षणांत मात्र दुसऱ्या मताची वाट पाहायची नसते. डोळ्यासमोर अचानक पडदा सरकल्यासारखे वाटणे, विजा चमकणे, एकाएकी काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडणे, दृष्टी अचानक जाणे, किंवा डोळा लाल होऊन तीव्र वेदना, डोकेदुखी व उलट्या होणे. दृष्टिपटल सुटण्याची किंवा काचबिंदूच्या तीव्र झटक्याची ही चिन्हे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी जवळचे नेत्रतज्ज्ञ गाठावेत. विम्याचे कागद मागाहून पाहता येतील.

दुसरे मत मागणे हा अपमान नव्हे

"डॉक्टर रागावतील" ही भीती आपल्या पिढीत खोल रुजलेली आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क स्पष्टपणे नोंदवला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. तेव्हा संकोच न करता एवढेच म्हणावे, "डॉक्टर, घरच्यांशी बोलून मी आणखी एक सल्ला घेणार आहे. तपासणीच्या प्रती मिळतील का?" चांगल्या डॉक्टरला यात वावगे वाटत नाही.

प्रतींमध्ये काय असावे? दोन्ही डोळ्यांची चष्म्यासह व चष्म्याविना दृष्टी, डोळ्यातील दाब, बाहुली मोठी करून केलेली दृष्टिपटलाची तपासणी, भिंगाचा नंबर ठरवणाऱ्या मोजणीचा कागद, आणि पडद्याचा ओसीटी स्कॅन झाला असल्यास त्याचा अहवाल. मधुमेही रुग्णांसाठी पडद्याची तपासणी विशेष महत्त्वाची, कारण पडदाच आजारी असेल तर केवळ मोतीबिंदू काढून अपेक्षित दृष्टी येत नाही.

दुसरे डॉक्टर निवडताना एक पथ्य पाळावे. ते पहिल्या डॉक्टरांच्याच रुग्णालयसमूहातले किंवा त्यांनीच सुचवलेले नसावेत. देवनार-गोवंडी परिसरातील वाचकांना शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय, भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय, परळचे हाजी बच्चूअली धर्मादाय नेत्र रुग्णालय असे पर्याय आहेत. परळ व शीवसाठी हार्बर मार्गाने कुर्ल्याला उतरून गाडी बदलावी लागते. सार्वजनिक रुग्णालयात रांग असते, हे मान्य. पण तेथे तपासणाऱ्याला आपल्या शस्त्रक्रियेच्या बिलात रस नसतो, ही गोष्ट थोडी नाही. जाताना सोबतीला कुणीतरी न्यावे, कारण बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास नीट दिसत नाही.

पहिल्या डॉक्टरांचा निष्कर्ष आधीच सांगू नये. आधी स्वतंत्र तपासणी होऊ द्यावी, मग कागद पुढे ठेवावेत. पाच प्रश्न लिहून न्यावेत : माझी दृष्टी कमी होण्याचे कारण मोतीबिंदूच आहे का? आणखी काही आजार आहे का? सहा महिने थांबलो तर काय होईल? माझ्या डोळ्याला कोणते भिंग योग्य आणि का? शस्त्रक्रियेनंतर किती दिसेल अशी वाजवी अपेक्षा ठेवावी?

भिंगाच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण खर्चातील मोठी तफावत तेथेच असते. एकाच अंतरावर स्पष्ट दाखवणारे साधे भिंग बहुसंख्य रुग्णांना उत्तम काम देते, वाचायला चष्मा लागतो इतकेच. अनेक अंतरांवर दाखवणारे महाग भिंग चष्मा कमी करते, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात, आणि काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असलेल्यांना ते सहसा सुचवत नाहीत. "महाग ते चांगले" हा नियम डोळ्याला लागू होत नाही.

दोन मते वेगळी आली तर गोंधळून जाऊ नये. फरक कशात आहे, ते पाहावे. निदानात असेल तर तिसरे मत घ्यावे. वेळेत असेल तर आपल्या रोजच्या अडचणी किती, यावरून ठरवावे. भिंगात असेल तर स्वतःच्या सवयी आणि खिसा पाहावा.

औषधांची यादी दोन्ही ठिकाणी दाखवावी. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल तर ते आवर्जून सांगावे. या औषधाने शस्त्रक्रियेत बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडू शकतो, आणि आधी ठाऊक असल्यास शल्यचिकित्सक तयारीत राहतात. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आता विमा

'विमा आहे' आणि 'विमा एवढे देईल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया काही तासांत होते, म्हणून ती 'डे-केअर' उपचारांत मोडते आणि २४ तास दाखल राहण्याची अट तिला लागत नाही. पण पॉलिसीत तीन जागा तपासाव्याच लागतात.

पहिली, प्रतीक्षाकाल. अनेक पॉलिसींत मोतीबिंदूसाठी पहिली दोन वर्षे संरक्षण नसते. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो.

दुसरी, मर्यादा. २०२० पासून विकल्या जाणाऱ्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत एका डोळ्यासाठी विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळते, आणि मान्य रकमेतील ५ टक्के वाटा आपला असतो. समजा, देवनारमधील एका सोसायटीत राहणाऱ्या आजींची ५ लाखांची अशी पॉलिसी आहे आणि एका डोळ्याचे बिल ७०,००० रुपये झाले. त्यांना ३८,००० रुपये मिळतील आणि ३२,००० रुपये घरून भरावे लागतील. पाच लाखांच्या आकड्यावर विसंबलेल्या कुटुंबाला हा धक्का बिल हाती आल्यावर बसतो. तो आधीच कळला, तर भिंगाचा निर्णयही वेगळा होऊ शकतो.

तिसरी, वगळलेल्या गोष्टी. साडेसात डायऑप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे वगळलेली असते. पडद्याच्या आजारासाठी डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शने अनेक पॉलिसींत वेगळ्या मर्यादेसह येतात.

रुग्णालय कॅशलेस यादीत आहे का, तेही त्या-त्या वेळी पाहावे. १ जुलै २०१० पासून चार सरकारी विमा कंपन्यांनी मुंबईसह मोठ्या शहरांतील अनेक खासगी रुग्णालयांतील कॅशलेस सोय थांबवली, आणि ठरावीक दर मान्य करणाऱ्या रुग्णालयांची यादी पुढे आली. याद्या बदलतात. शेजाऱ्यांना गेल्या वर्षी मिळालेली सोय आपल्याला मिळेलच असे नाही.

म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी रुग्णालयाकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा. त्यात भिंगाचे नाव व किंमत स्वतंत्र लिहून मागावी. भिंगाच्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, त्याचा स्टिकर शस्त्रक्रियेनंतर कागदपत्रांत लावून घ्यावा. हा अंदाज विमा कंपनीला किंवा तिच्या टीपीएला पाठवून "किती रक्कम मान्य होईल" हे लेखी विचारावे. तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट. तपासणीच्या वेळी "मधुमेह किती वर्षांपासून?" असे विचारले की आपण सहज म्हणतो, "असेल दहा-बारा वर्षांपासून." तेच कागदावर उतरते, आणि पॉलिसी घेताना पाच वर्षे लिहिले असेल तर दावा अडकतो. दोन डॉक्टरांकडे दोन वेगळी उत्तरे गेली तरी तेच होते. जुने अहवाल पाहून खरे वर्ष काढावे, सगळीकडे तेच सांगावे, आणि कागदावर चुकीचे लिहिले गेले असल्यास तेथल्या तेथे दुरुस्त करून घ्यावे. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही.

दावा नाकारलाच, तर पॉलिसीतील कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागावे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिन्यात उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर न पटल्यास, एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. तेथे शुल्क नाही आणि वकील लागत नाही. नियामकाचा मदत क्रमांक १५५२५५ हा आहे.

ज्यांच्याकडे विमा नाही, त्यांनीही निराश होऊ नये. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर व त्यापुढील वयाच्या सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डाची सोय सुरू झाली आहे. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे हे संरक्षण खासगी विमा असलेल्यांनाही घेता येते. आपण निवडलेल्या रुग्णालयात त्याखाली डोळ्याची शस्त्रक्रिया होते का, एवढे आधी विचारून घ्यावे.

शेवटी एक विनंती सेवा करणाऱ्या मुला-सुनांना आणि लेकी-जावयांना. परगावचा मुलगा सर्वांत महाग भिंग सुचवतो, इथली सून सुट्टी पाहून तारीख ठरवते, आणि ज्यांचा डोळा आहे त्यांना फक्त उपाशीपोटी यायचे की नाही, एवढेच सांगितले जाते. "आई, तुला नक्की काय दिसत नाही? पोथी, की पायरी?" असे आधी विचारा. पोथी वाचायची असेल तर एक भिंग, पायरी सांभाळायची असेल तर कदाचित दुसरे. तिने दिलेले उत्तर कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. दुसरे मत घेण्यापूर्वी हे पहिले मत घरातूनच घ्यायला हवे.