नसबंदी झाली, तरी पाय वर का?

कुत्रा चावला म्हणून इंजेक्शनासाठी आलेल्या माणसाचा केसपेपर भरताना आमचे प्रश्न ठरलेले असतात. कधी चावला, कुठे चावला, पाळीव की भटका, त्याला लस दिली आहे का, रक्त आलं का. एक प्रश्न त्या कागदावर नसतो: चावण्याच्या आधीच्या पाच मिनिटांत काय चाललं होतं?

मीही तो बरीच वर्षं विचारला नाही. रांग दाराबाहेर गेलेली असते, लस द्यायची आणि पुढच्याला बोलवायचं. गेल्या पावसाळ्यात साठीच्या आतबाहेरचे एक गृहस्थ आले. उजव्या मनगटाजवळ दोन दात चांगले आत गेलेले. "घरचाच आहे हो. सगळ्या लशी झाल्यात त्याच्या, ऑपरेशनसुद्धा केलंय," ते जरा ओशाळून म्हणाले. ऑपरेशन कशाला केलं, असं सहज विचारलं आणि मग सगळं बाहेर आलं. पाच वर्षांचा पामेरियन. घरात सोफ्याला, पडद्याला पाय वर करायचा म्हणून चार महिन्यांपूर्वी नसबंदी करून घेतली. बराच सुधारला. मग मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. तिच्या दोन बॅगा हॉलमध्ये, माळ्यावरचा पाळणा खाली काढलेला. दोन दिवसांत बॅगेचा कोपरा ओला, मग पाळण्याचा पाय. तिसऱ्यांदा झालं तेव्हा यांनी त्याला मानगुटीला धरून ओल्या जागेवर नाक घासलं. लहानपणापासून असंच शिकवतात असं ऐकलेलं. कुत्रा चावला.

"आता सगळे म्हणतायत, लांब कुठेतरी सोडून या. ऑपरेशनही फुकट गेलं."

ऑपरेशन फुकट गेलेलं नव्हतं. पण त्यातून काय मिळेल आणि काय नाही, हे त्यांना कोणी नीट सांगितलेलं नव्हतं. 'नसबंदी' हा शब्दच मुळात घोटाळ्याचा. पुरुषाच्या नसबंदीत शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करतात; वृषणं जागेवरच राहतात आणि टेस्टोस्टेरॉन पूर्वीसारखं तयार होत राहतं. नर कुत्र्याच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये दोन्ही वृषणं काढून टाकतात, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत खच्ची करणं. त्यानंतर रक्तातलं टेस्टोस्टेरॉन झपाट्याने खाली येतं. सवय मात्र त्या वेगाने जात नाही. शिवाय नर पिल्लाच्या मेंदूवर या संप्रेरकाचा ठसा जन्माच्या सुमारासच उमटलेला असतो. त्यामुळे वयात येण्याआधी ऑपरेशन झालेले नरही मोठेपणी पाय वर करतात. रस्त्यावरचा कान कापलेला, म्हणजे नसबंदी झालेला कुत्रा गाडीच्या चाकावर पाय वर करताना दिसला की लोक म्हणतात, पालिकेने पैसे खाल्ले. असं काही नसतं. ती मोहीम प्रजनन थांबवण्यासाठी आणि रेबीजची लस देण्यासाठी असते. चाकं कोरडी ठेवण्यासाठी नव्हे.

आकडे सांगतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी १९९७मध्ये, दोन वर्षं वय उलटल्यावर ऑपरेशन झालेल्या ५७ नरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लघवीने खुणा करण्याची सवय निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली, असे कुत्रे निदान ६० टक्के होते. सवय जवळजवळ गेली, म्हणजे ९० टक्के किंवा जास्त कमी झाली, असे २५ ते ४० टक्के. ऑपरेशनच्या वेळचं वय किंवा सवय किती जुनी, यावर सुधारणा अवलंबून नव्हती. त्यामुळे 'आता वय झालं, उपयोग नाही' हेही खरं नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: निर्जीव वस्तूंची भीती आणि अनोळखी माणसांवर धावून जाणं, यांत ऑपरेशनने लक्षणीय फरक पडला नाही. भीती, अस्वस्थता, घरातला बदल यांमुळे होणाऱ्या खुणा शस्त्रक्रियेने पुसल्या जातीलच असं नाही. पाळण्याच्या पायाशी जे घडलं ते बहुधा याच जातीचं.

आपल्याला ती घाण वाटते. कुत्र्याच्या दृष्टीने ती चिठ्ठी असते. कोण आला, कधी आला, नर की मादी, हे तो वासातून वाचतो आणि आपली चिठ्ठी वर लावतो. नवी बॅग म्हणजे परक्या घराचा, परक्या गावाचा वास घेऊन आलेली वस्तू. त्यात सूड नाही. "मुद्दाम करतो हो, माझ्याकडे बघून करतो," असं सांगणारे भेटतात. अपराधी चेहऱ्याचंही तसंच. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९मध्ये एक छान प्रयोग मांडला. कुत्र्याने खाऊ चोरला की नाही याच्याशी त्या 'अपराधी' चेहऱ्याचा संबंध नव्हता. मालक रागावला की चेहरा तसा व्हायचा, चोरी केलेली नसतानासुद्धा. म्हणजे संध्याकाळी कामावरून आल्यावर सकाळच्या डागाशी नेऊन नाक घासलं, तर कुत्रा इतकंच शिकतो की हा माणूस कधी कधी अंगावर येतो. मग तो तुमच्यासमोर करायचं सोडतो आणि पलंगाखाली करतो. किंवा चावतो.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या वर्तन-चिकित्सालयात कुत्रे घेऊन येणाऱ्या मालकांची पाहणीही २००९चीच. कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली असं सांगणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांच्या कुत्र्यांनी उलट आक्रमकता दाखवली होती. हे मुळात त्रास देणारे कुत्रे होते, तेव्हा हा आकडा सरसकट सगळ्या कुत्र्यांना लावता येणार नाही. पण माझ्या समोर बसलेल्या माणसाला तो लागू होता, आणि आमच्या रांगेतल्या आणखी काहींना असावा. आम्ही लस देतो आणि त्यांना त्याच घरी, त्याच कुत्र्याकडे, त्याच पद्धतीकडे परत पाठवतो. हे मला आता पटत नाही. दुसरा चावा टाळणं हेही उपचारातच येतं.

मग करायचं काय? आधी पशुवैद्याकडे जायचं, लघवी तपासायची. मी माणसांचा डॉक्टर. जिन्यात अडवून "तुम्हीच लिहून द्या ना एखादी गोळी" म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना मी हेच सांगतो आणि गोळी लिहून देत नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्राशयातले खडे, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, खाजेसाठी सुरू असलेलं स्टिरॉइड, यांतल्या कशानेही कुत्रा घरात लघवी करू लागतो. त्याला शिस्त लावत बसणं म्हणजे ताप आलेल्या मुलाला अभ्यासाला बसवणं. साधारण फरक असा: उभ्या वस्तूवर, थोडीशी, अनेक जागी, बहुधा पाय वर करून केली तर ती खूण; जमिनीवर मोठं थारोळं असेल तर मूत्राशय रिकामं केलेलं. पण हा फरक घरी बसून अंतिम मानू नये. क्वचित एखाद्या नराचं एक वृषण जन्मापासून पोटातच अडकलेलं असतं. बाहेरचं तेवढं काढलं तर आतलं टेस्टोस्टेरॉन बनवत राहतं. सवय अजिबातच कमी झाली नसेल आणि ऑपरेशनचे कागद हाताशी नसतील, तर रक्ततपासणीने हे कळू शकतं.

तपासणीत काही निघालं नाही, तर आठ दिवस एक वही ठेवा. कुठे, किती वाजता, त्याआधी काय झालं. उत्तर बहुतेक वेळा वहीतच सापडतं. गॅलरीच्या जाळीतून खालचा कुत्रा दिसला की पडद्यावर पाय वर, असं असेल तर जाळीचा खालचा भाग झाका. पाहुण्यांच्या बॅगा, चपला, धुणं यांपैकी काही लक्ष्य असेल तर ते उचलून वर ठेवा. सुरुवातीचे काही आठवडे त्याला घरभर मोकळं सोडू नका. तुमच्या नजरेसमोर, हवं तर लांब दोरीने तुमच्यासोबत ठेवा. एखाद्या जागी हुंगत घुटमळू लागला की हाक मारा, बाहेर न्या, बाहेर केल्यावर लगेच खाऊ द्या. लगेच म्हणजे त्याच क्षणी, जिना चढून घरी आल्यावर नव्हे. फिरायला नेताना ओढत नेऊ नका, मनसोक्त हुंगू द्या. पुन्हा पुन्हा खूण होणाऱ्या कोपऱ्यात त्याचं जेवणाचं भांडं किंवा अंथरूण ठेवून पाहा. जेवतो-झोपतो तिथे तो सहसा करत नाही. पोटाभोवती बांधायचा पट्टा मिळतो, तो अडचणीच्या दिवसांत कामाला येतो, पण ओला झाला की बदलायचा, नाहीतर कातडी सोलवटते. एवढं करूनही अस्वस्थता जात नसेल तर औषधं आहेत. ती पशुवैद्याने तपासून द्यायची. घरातल्या कुणाची उरलेली झोपेची गोळी नको.

साफसफाईबद्दल जरा जास्त सांगतो, कारण इथेच सगळ्यांचं चुकतं. फिनाइलचा वास आपल्या नाकाला मूळ वास झाकल्यासारखा वाटतो; कुत्र्याला खालची चिठ्ठी वाचता येतेच, आणि मग तो तिथेच पुन्हा लिहितो. अमोनिया असलेला क्लीनर तर लघवीच्याच वासाच्या जवळचा. आधी जुन्या कापडाने टिपून घ्या, साबणाच्या पाण्याने धुवा, मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा एन्झाइमवाला क्लीनर लावून सांगितलेला वेळ तसाच राहू द्या. ताज्या लघवीवर ब्लीच ओतू नका. त्यातून निघणारा वायू छातीला त्रास देतो, दम्याच्या रुग्णाला तर फार. कोपऱ्यात डांबरगोळ्या टाकणं थांबवा. त्या कुत्र्याला विषारी आहेत आणि रांगत्या बाळालाही. राहता राहिली फाटकाशी ठेवलेली लालनिळ्या पाण्याची बाटली. कुत्र्याला लाल रंग लालसर दिसतच नाही, निळा दिसतो, पण घाबरण्याचं काही कारण त्यात नाही. आमच्याच गल्लीत मी एका बाटलीवर पाय वर झालेला पाहिला आहे.

त्या गृहस्थांची खरी भीती वेगळी होती, ती जाता जाता बाहेर आली. बाळाला काही होईल का? कुत्र्याच्या लघवीतून रेबीज होत नाही. गर्भवतींना ज्या टोक्सोप्लाझ्माची धास्ती असते, त्याचे जंतू मांजराच्या विष्ठेतून येतात, कुत्र्याच्या लघवीतून नाही. लेप्टोस्पायरोसिसचा धोका मात्र खरा आहे. संसर्ग झालेला कुत्रा आजारी न दिसताही लघवीतून हे जंतू टाकू शकतो. २००५च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईत या आजाराने काय केलं ते आमच्या पिढीच्या डॉक्टरांना आठवतं. कुत्र्याला तो बहुतेकदा उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लागतो. त्याच्या वार्षिक लशीत लेप्टोचा समावेश आहे का ते कार्डावर बघा, पावसात डबकी चाटू देऊ नका, घरातली लघवी हातमोजे घालून पुसा आणि गर्भवतीने ते काम करू नये. कोरड्या पडलेल्या जागी हे जंतू टिकत नाहीत, ओल्या जागी टिकतात. एवढी काळजी घेतली तर त्यासाठी कुत्रा घराबाहेर काढायचं कारण उरत नाही. आणि घरात वाढलेला पामेरियन हमरस्त्यावर सोडणं म्हणजे काय, हे त्यांना मी सांगण्याची गरज नव्हती. जखम मात्र घरच्या, लसवंत कुत्र्याची असली तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लसीसाठी यायचं. यात सूट नाही. त्यांच्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिन दिलं, आणि ०, ३, ७, २८ अशा तारखा लिहून दिल्या.

अठ्ठाविसाव्या दिवशी ते आले तेव्हा मनगट बरं झालं होतं. लघवीची तपासणी स्वच्छ आली होती. बॅगा कपाटावर गेल्या होत्या, पाळणा आतल्या खोलीत, दार लावून. त्या महिन्याभरात दोनदा झालं, दोन्ही वेळा बाहेरच्या चपलांच्या स्टँडवर, शेजारच्यांचा कुत्रा जिन्यातून गेल्यावर. स्टँड आता दाराबाहेर ठेवलाय, म्हणाले. सोडून येण्याचं काय ठरलं, विचारलं. "बघू. बाळ घरी आल्यावर कसा वागतो ते बघू."

मुलीला दिवस भरत आले होते. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं: बाळ घरी आणण्याच्या आधी त्याचं वापरलेलं झबलं घरी न्यावं, कुत्र्याला थोड्या अंतरावरून हुंगू द्यावं, शांत राहिला तर खाऊ द्यावा. बाळ आणि कुत्रा, दोघांना एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय एक मिनिटही ठेवू नये.