कासव, अकिलीस आणि आमचा गुडघा

तत्त्वज्ञान शिकायचं तर ग्रंथालयात जावं, असं आम्हीही समजत होतो. पण पन्नाशी ओलांडली, डॉक्टरांनी रक्तातली साखर मोजली आणि आम्हाला पहाटे अंबाझरीच्या रस्त्यावर धाडलं. आधी चालणं, मग दुडकी चाल, आणि दोन वर्षांत मॅरेथॉनचं वेड! मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. एवढा वेळ तोंडाला काम नसतं, म्हणून डोकं चालू लागतं. तत्त्वज्ञानाचा उगम असाच झाला असावा, अशी आम्हाला दाट शंका आहे.

पहिला गुरू भेटला तो ग्रीक झीनो. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला हा गृहस्थ म्हणे, चपळ अकिलीसनं कासवाला थोडी आघाडी दिली, तर तो त्याला कधीच गाठणार नाही. तो कासवाच्या जागी पोचेपर्यंत कासव थोडं पुढे सरकलेलं असणार, तिथे पोचेपर्यंत आणखी थोडं. पुस्तकात वाचून आम्ही हसलो होतो. शर्यतीत पस्तिसाव्या किलोमीटरला मात्र हसू आलं नाही. पुढे एक सत्तरीचे आजोबा पांढऱ्या बनियनमध्ये आपल्या संथ चालीनं चालले होते. शेवटपर्यंत ते आमच्या हाती लागले नाहीत! जगात गती नाहीच, असं म्हणणाऱ्याला डायोजेनीस नावाच्या ग्रीकानं नुसतं उठून, चार पावलं चालून उत्तर दिलं, असं सांगतात. चार पावलं ठीक आहे हो, पस्तीस किलोमीटरनंतर चालून दाखवायचं होतं!

हेराक्लायटस म्हणे, एकाच नदीत दोनदा पाऊल टाकता येत नाही. खरं आहे. कालचा गुडघाही आज मिळत नाही. आणि एपिक्टेटस सांगे, आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे आधी ओळखा. ऊन, चढ आणि पुढचे आजोबा आपल्या हातात नाहीत, आपलं मन तेवढं आहे. गंमत पाहा, धावणाऱ्यांच्या इतक्या कामाला येणारा हा गुरू गुलामीत राहिलेला आणि पायानं अधू होता.

पण आम्ही कुठले ऐकतोय! पुढच्या वर्षी आजोबांना गाठायचंच, म्हणून सराव दुप्पट केला आणि विश्रांतीचा वार रद्द केला. पंधरा दिवसांत उजव्या गुडघ्याचा भोपळा झाला. आमचे कोच म्हणाले, "साहेब, विश्रांती हादेखील सरावच आहे." आम्ही मान डोलावली आणि घरी येऊन बर्फ लावत बसलो.

त्याच रात्री बारावीतला मुलगा म्हणाला, "बाबा, डोकं दुखतंय, आज झोपू का?" आमच्या तोंडून सवयीनं निघालं, "शेजारचा पोरगा दोनपर्यंत जागतो!" सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अहो, तुमचा गुडघा सुजला तर बर्फ लावता. त्याचं डोकं सुजलं तर काय लावणार?"

यावर झीनोकडे उत्तर नव्हतं. आठवला तो सोण कोळिविस. चंपानगरीच्या श्रीमंत घरातला, नाजूक तळपायांचा हा तरुण भिक्खू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चालत राहिला. तरी हाती काही लागेना. घरी परतावं, असं त्याच्या मनात आलं. भगवान बुद्धांनी त्याला रागावलं नाही, एक साधा प्रश्न विचारला. सोण वीणा वाजवीत असे ना? मग तार फार ताणली तर सूर नीट निघतो का? आणि फार सैल सोडली तर?

विनयपिटकाच्या महावग्गात पुढची हकीकत आहे. बुद्धांनी त्याला एकपदरी तळव्याच्या वहाणा वापरायला परवानगी दिली. सोण म्हणाला, साऱ्या संघाला मिळत असतील तर घालीन, एकट्याला नकोत. मग त्या सगळ्यांनाच मिळाल्या. हजारोंचे बूट घेऊन एकट्यानं मिरवणाऱ्या आमच्यासारख्यांनी ही गोष्ट गुडघ्याला बांधून ठेवावी.

त्या रात्री आमच्या घरातला दिवा दहालाच मालवला. आता रोज तसंच चालतं. पोरगा पहाटे उठतो, ताज्या डोक्यानं गणितं सोडवतो आणि अडलं तर विचारायला येतो. पूर्वी अडलेलं लपवायचा. मार्क किती पडतील ते निकालाच्या दिवशी कळेल. तो दिवस काही आमच्या हातात नाही.

गुडघा उतरलाय. परवा अंबाझरीला ते आजोबा पुन्हा दिसले. गाठायला गेलो नाही, लांबूनच हाक मारली. ते थांबले आणि म्हणाले, "अरे, या की! एकट्यानं पळायचा मलाही कंटाळा येतो."