थोर पुत्राची आई

थोर पुरुषाचे चरित्र लिहावयाचे म्हणजे पहिले प्रकरण आईला द्यावयाचे आणि त्या प्रकरणाच्या अखेरीस ओटी भरून तिची बोळवण करावयाची, असा आपल्याकडे शिरस्ताच पडून गेला आहे. मी शाळामास्तर. ‘थोरांच्या माता’ या विषयावरचे निबंध मी इतके तपासले आहेत की, माता म्हणजे गोष्टी सांगणारी आणि वेळेवर दिसेनाशी होणारी बाई, अशी मुलांची समजूत झाली असल्यास मी त्यांना दोष देणार नाही. पण ही खोड एकट्या आपलीच नव्हे. इंग्लंडातल्या लिंकनशायर परगण्यात एपवर्थ नावाचे लहानसे बाजारगाव आहे. तेथे ती दगडाविटांत बांधून ठेवलेली आहे.

मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली १७०३ साली या गावी जन्मला. बाप सॅम्युएल हा तिथल्या अँग्लिकन चर्चचा पाळक. १७०९ च्या फेब्रुवारीत त्यांच्या घराला आग लागली, आणि वरच्या मजल्यावर अडकलेल्या पाच वर्षांच्या जॉनला एकाच्या खांद्यावर दुसऱ्याने चढून खिडकीतून बाहेर काढले. ही कथा जो तो सांगतो. सांगोत बापडे! माझे भांडण त्यानंतर तीनच वर्षांच्या आत घडलेल्या आणि चरित्रकारांनी चार ओळींत उरकलेल्या प्रसंगासाठी आहे.

१७११-१२ च्या हिवाळ्यात सॅम्युएल चर्चच्या सभेसाठी लंडनला जाऊन राहिला होता. मागे मदतनीस पाळक होता, पण त्याच्या उपदेशात लोकांचे मन रमेना. सॅम्युएलची पत्नी सुझानाबाई घरी मुलांना घेऊन रविवारी संध्याकाळी प्रार्थना करीत, छापील उपदेश वाचून दाखवीत. याच सुमारास थोरल्या मुलीला बापाच्या खोलीत एक पुस्तक सापडले. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले दोन मिशनरी १७०६ साली आपल्या तामीळ किनाऱ्यावर तरंगमबाडीस उतरले होते. त्यांची हकीगत त्यात होती. ती वाचून सुझानाबाईंच्या मनाने घेतले की, मी पुरुष नाही, धर्मगुरूही नाही, तरी आज करते आहे त्याहून काही अधिक मला करता येईल. कोठे तरंगमबाडी आणि कोठे एपवर्थ! मेथडिस्ट इतिहासात हिंदुस्थान प्रथम शिरला तो असा, एका इंग्रज बाईच्या स्वयंपाकघरातून.

आधी घरची माणसे, मग गडी, मग शेजारी, असे करता करता दोनशेवर माणसे जमू लागली. जागा पुरेना. मदतनीस पाळकाने लंडनला कागाळी केली. नवऱ्याने लिहिले की, हे विपरीत दिसते, तू बाईमाणूस, तेव्हा दुसऱ्या कोणाकडून वाचवून घे. बाईंनी उत्तर दिले की, अक्षरे लावत न बसता उपदेश वाचील असा पुरुष यांत एकही नाही. शिवाय, वर्षानुवर्षे चर्चची पायरी न चढलेली माणसे आता चर्चला येऊ लागली आहेत. आणि अखेर असेही कळवले की, बंद करावयाचे असेल तर नुसती इच्छा कळवू नका, स्पष्ट हुकूम पाठवा. म्हणजे देवासमोर जाब देण्याची वेळ येईल तेव्हा दोष माझ्या माथी नसेल.

असा हुकूम आला नाही. एकोणीस मुलांना जन्म देऊन त्यांतली जवळजवळ निम्मी तान्हेपणीच गमावलेल्या बाईचे हे पत्र आहे, हे ध्यानात घ्या.

आता चरित्रकार काय म्हणतात? म्हणे, बाल जॉनच्या मनावर या सभांचा फार मोठा संस्कार झाला! झालाही असेल. पण ती दोनशे माणसे जॉनवर संस्कार व्हावा म्हणून थंडीतून चालत आली नव्हती. त्यांना उपदेश हवा होता आणि तो एक बाई देत होती. एपवर्थच्या मेथडिस्ट मंडळीचा आरंभ कोठे, असे मला कोणी विचारले तर मी हेच स्वयंपाकघर दाखवीन.

लोक मात्र दाखवतात ती सॅम्युएलची कबर. १७४२ च्या जूनमध्ये जॉन गावी आला. तिथल्या पाळकाने त्याला व्यासपीठावर चढू दिले नाही, म्हणून तो बापाच्या कबरीवर उभा राहून ओळीने आठ संध्याकाळ उपदेश करीत राहिला. चित्र मोठे बाणेदार खरे. पण व्यासपीठ नाकारले जाण्याचा मान त्या घरात आईला तीस वर्षे आधीच मिळाला होता.

खुद्द वेस्ली याबाबतीत आपल्या अनुयायांपेक्षा बरा. स्त्रियांना बोलू देण्यास तो आधी बिचकला, पण पुढे सारा क्रॉस्बी, मेरी बोझँकेट यांना त्याने अडवले नाही. तो १७९१ साली वारला, आणि १८०३ च्या परिषदेने ठरवून टाकले की, बाईने बोलावयाचेच तर बायकांपुढे बोलावे. याच एपवर्थचा दुसरा पुत्र अलेक्झांडर किलहॅम. पंथाचा कारभार एकट्या उपदेशकांच्या हाती नको, सामान्य सभासदांनाही त्यात जागा द्या, असे म्हणाला म्हणून १७९६ साली त्याला काढून टाकण्यात आले. दुसऱ्या वर्षी त्याने वेगळी शाखा काढली. मूळ वेस्लियन परिषदेत सामान्य सभासद बसले ते १८७८ साली. आणि ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चने स्त्रियांना पाळकपदाची पूर्ण दीक्षा दिली ती १९७४ साली. सुझानाबाईंच्या पत्रापासून मोजा, २६२ वर्षे झाली!

‘काळच तसा होता’ हे उत्तर मला ठाऊक आहे. पण सुझानाबाई त्याच काळातल्या, आणि ती दोनशे माणसेही त्याच काळातली. शेतकरी-मजुरांना जे खटकले नाही ते विद्वान धर्मपंडितांना खटकले, तेव्हा काळाच्या नावावर खापर का फोडावे?

सुझानाबाई १७४२ च्याच जुलैत लंडनला वारल्या. त्यांच्या पहिल्या थडग्यावर त्यांच्याच कवी मुलाने, चार्ल्सने, पद्य कोरविले. त्यात आईची सत्तर वर्षे अंधारात गेली असे म्हटले होते. पुढे तो दगड बदलला. नव्या दगडावर त्या कोणाच्या विधवा, कोणाच्या कन्या आणि किती मुलांची आई, हे सारे लिहिलेले आहे. त्या मुलांत सर्वांत नामांकित कोण, तेही लिहिलेले आहे. दोनशे माणसांचा उल्लेख नाही.