ध्वनिक्षेपकापुढील संयम

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि भोवतालची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. मराठवाडा ते विसरलेला नाही. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा नांदेड-परभणीपर्यंत हादरे जाणवले आणि किल्लारीचे स्मरण पुन्हा जागे झाले. अशा प्रसंगी वीज जाते, दूरध्वनी मुके होतात. बॅटरीवरचा रेडिओ तेवढा बोलत राहतो. म्हणूनच रेडिओ-निवेदकांच्या सवयींचा प्रश्न आम्हांस केवळ अभिरुचीचा वाटत नाही.

क्षणभराची शांतता सहन न होऊन अखंड बोलत राहणे, ही यांतील पहिली खोड. दुसरी, गावांची नावे घाईत गिळून टाकण्याची. गाण्याचे नाव नीट ऐकू आले नाही, तर कोणाचे काही बिघडत नाही. पण उमरगा म्हणावयाचे की औसा, हे मदतीच्या वेळी नीट ऐकू आले नाही, तर गाडी भलत्याच वाटेला लागते. दूरध्वनीवरील श्रोत्याचे वाक्य पुरे होऊ न देणे आणि दुःखाच्या शब्दांवरही हसरे संगीत वाजविणे, हे असभ्यपणाचेच प्रकार होत. सर्वांत घातक सवय मात्र ‘असे ऐकिवात आहे’ ही. भूकंप नेमका केव्हा होणार, हे सांगणारे शास्त्र जगात नाही. तरीही ‘आज मध्यरात्री पुन्हा धक्का’ ही अफवा एका उत्साही वाक्याने गावोगाव पोहोचू शकते.

श्रोत्यांना हसतेखेळते बोलणे रुचते, असे यावर सांगण्यात येईल. ते आम्हांस मान्य आहे. निवेदकांनी सदैव गंभीर मुद्रा धारण करावी, असे आमचे म्हणणे नाही. परंतु रोजची जीभ संकटाच्या घटकेस एकाएकी बदलत नाही. एरवी जी सवय, तीच तेव्हाही तोंडातून बाहेर पडते. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नसली, तरी स्थानिक प्रशासनाने पुरविलेली आपत्तीविषयक माहिती देण्यास २०११ च्या धोरणाने वाव ठेविला आहे. ती माहिती कोणी दिली, किती वाजता दिली, कोणत्या गावासाठी दिली, हे सावकाश दोनदा सांगणे आणि ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ असे म्हणणे, एवढेच निवेदकाचे कर्तव्य. पण तेवढ्यासाठीही अभ्यास हवा.

आमची सूचना साधी आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला मराठवाड्यातील प्रत्येक केंद्राने आपल्या निवेदकांकडून, प्रक्षेपण बंद ठेवून, अशा अर्ध्या तासाची तालीम करवून घ्यावी. किल्लारीच्या मृतांस वाहिलेल्या पुष्पचक्रापेक्षा ही श्रद्धांजली अधिक उपयोगी पडेल.