विश्लेषण : बीडच्या ऊसतोडीला दुष्काळ एवढेच कारण आहे का?

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. हे का घडते, याचे ठरलेले उत्तर आहे : दुष्काळ. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धवट आहे. आणि पाऊस कुणाच्या हातात नसल्याने ते अनेकांच्या सोयीचेही आहे. भूगोलातील पाच मूलभूत सूत्रे बीडला लावून पाहिली की उरलेले उत्तर दिसू लागते.

ही पाच सूत्रे कोणती?

अमेरिकेतील भूगोल शिक्षक आणि अभ्यासकांच्या दोन संघटनांनी १९८४ मध्ये ती शालेय शिक्षणासाठी मांडली. स्थान, ठिकाणाचे वैशिष्ट्य, माणूस आणि पर्यावरणाचे नाते, ये-जा आणि प्रदेश. जागा कुठे आहे, कशी आहे, माणसाने तिथल्या निसर्गाशी कसे जमवून घेतले, माणसे-माल-पैसा कुठून कुठे जातो आणि कोणता भूभाग एक मानायचा, असे हे साधे प्रश्न. आपल्याकडे परीक्षेत पहिल्या दोनांवरच बहुतेक गुण मिळतात.

पाऊस किती गोष्टी ठरवतो?

बीड सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत आहे. वर्षाची सरासरी ७०० मिलिमीटरच्या आत. जिल्ह्यातून जाणाऱ्या बालाघाटच्या रांगेवर जमीन उथळ, मुरमाड. तिथे सीताफळ मात्र जोमाने येते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

पण मजूर ज्या सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत ऊस तोडायला जातात, त्यांचा मोठा भाग याच पर्जन्यछायेत येतो. सोलापूरची सरासरी तर बीडपेक्षाही कमी. तरी तिथे कारखान्यांची रांग लागली, कारण भीमेवर उजनी धरण झाले. म्हणजे फरक ढगाने कमी आणि कालव्याने जास्त केला. खुद्द बीडमध्येही जायकवाडीचा उजवा कालवा आणि सिंदफणेवरचे माजलगाव धरण यांच्या आधाराने गेवराई-माजलगाव पट्ट्यात ऊस उभा राहिला. याच जिल्ह्यातले परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. पाणी आधी कुणाला, हा प्रश्न हवामानखाते सोडवू शकत नाही.

मग माणसे का जातात?

इथे ‘ये-जा’ हे सूत्र कामाला येते. माणसांच्या आधी पैसा हलतो. कारखान्याच्या वतीने मुकादम हंगामाआधी मजुरांना उचल देतो. ती लग्नात, आजारपणात, जुन्या देण्यात जाते आणि पुढचे सहा महिने ती फेडण्यात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. एकाने खाडा केला तर दोघांची मजुरी बुडते, वर दंड. चांगला पाऊस झालेल्या वर्षीही ट्रॅक्टर भरतात, त्याचे एक कारण या हिशेबात आहे.

ही रचना शरीरापर्यंत पोहोचते. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळी आली म्हणून खाडा परवडत नाही, फडावर आडोसा नाही, पाणी नाही. याला दुष्काळाचा परिणाम म्हणणे म्हणजे मुकादम, कारखाना आणि दवाखाना यांना वगळून नकाशा काढणे आहे.

‘दुष्काळी जिल्हा’ ही ओळख पुरेशी का नाही?

बीडचे ११ तालुके एका सरासरीत बसत नाहीत. उत्तर सीमेवर गोदावरी, तिच्या काठाला काळी जमीन. पाटोदा, शिरूर कासार, धारूरकडे डोंगर. सप्टेंबर २०२५ मध्ये तर याच ‘दुष्काळी’ जिल्ह्यात अतिवृष्टीने शेते खरवडून नेली. अतिवृष्टी मोजताना सरकार महसूल मंडळ हा लहान तुकडा धरते, २४ तासांत ६५ मिलिमीटर हा निकष लावते. स्थलांतराच्या बाबतीत मात्र जिल्हाभर एकच शिक्का. कोणत्या गावातून किती कोयते निघतात, मागे किती मुले राहतात, याची नोंद मंडळनिहाय दरवर्षी जाहीर झाली, तर हंगामी वसतिगृहे कुठे हवीत हे हंगाम सुरू होण्याआधी ठरवता येईल.

अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. बीड शहरात प्रवासी गाडी पोहोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. ‘आता विकास येणार’ असे फलक तेव्हा लागले. रूळ दोन्ही दिशांना जातात. बीडमध्ये उद्योग आले नाहीत आणि उचलीचा हिशेब तसाच राहिला, तर ट्रॅक्टरऐवजी रेल्वेने लोक बाहेर जातील, एवढाच बदल होईल.