कवचाची किंमत

मुलांच्या हाती आलेल्या व्हिडिओ खेळांकडे वडीलधारी मंडळी बहुधा संशयानेच पाहतात. तो संशय सर्वस्वी अनाठायी नसला, तरी यांपैकी काही खेळ शिक्षकांनी आस्थेने पाहावेत असे आहेत. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील स्ट्रे फॉन या संस्थेने २०१७ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केलेला ‘निश’ हा त्यांपैकीच एक होय. त्यात खेळाडूस कल्पित प्राण्यांचा एक कळप सांभाळावा लागतो. प्रत्येक पिलाला आईबापांकडून प्रभावी व अप्रभावी जनुके मिळतात, आणि उपासमार, रोग व हिंस्र पशू यांतून जो तगेल त्याचाच वंश पुढे चालतो. वाटाण्यावरील प्रयोगांतून निघालेले जे नियम मेंडेलने १८६६ साली प्रसिद्ध केले, ते येथे मूल खेळता खेळता अनुभवते.

अशा खेळात कासवाच्या धर्तीवर एखादा प्राणी योजावयाचा झाल्यास काय करावे? सर्वांत आधी सुचते ते हे, की त्याच्या पाठीवर एक ढाल बसवावी आणि बचावाचे गुण वाढवावेत. माझ्या मते नेमकी हीच चूक टाळली पाहिजे.

कवच हे कासवाने अंगावर घातलेले चिलखत नव्हे. तो त्याचा सांगाडाच आहे. बरगड्या रुंद झाल्या, पाठीच्या कण्याशी एकजीव झाल्या, आणि त्यांचे छत बनले. आपल्या खांद्याची हाडे बरगड्यांच्या बाहेर असतात. कासवाची ती आत असतात. बरगड्या हलेनाशा झाल्यामुळे छातीचा भाता निकामी झाला, आणि श्वासोच्छ्वासाचे काम पोटाकडील स्नायूंना पत्करावे लागले. संरक्षण मिळाले, पण चपळाई गेली. निसर्गात फुकट काही मिळत नाही, हा धडा कवचाइतका स्पष्टपणे दुसरे कोण देईल?

हे कवच एका रात्रीत उद्भवले नाही. चीनमध्ये सापडलेल्या व २००८ साली वर्णिलेल्या ओडोंटोकेलिस या सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याला पोटाकडील कवच पूर्ण होते, पाठीवर मात्र नुसत्या रुंद बरगड्या होत्या. तोंडात दातही होते. त्याहून प्राचीन असा दक्षिण आफ्रिकेतील युनोटोसॉरस रुंद बरगड्यांचा, पण कवचहीन होता. २०१६ साली काही संशोधकांनी असे मत मांडले, की बरगड्यांची ही रुंदी प्रथम बिळे खणण्याच्या कामी आली असावी. संरक्षण हा तिचा पुढचा उपयोग. म्हणून खेळातही आधी रुंद बरगड्यांचा गुण यावा, त्याने खणण्याचे बळ वाढावे व धावण्याचा वेग घटावा. कवच त्यानंतर अनेक पिढ्यांनी यावे.

दुसरा गुण याहून बोधप्रद आहे. कासवांच्या अनेक जातींत पिलू नर की मादी हे जनुकांवर नव्हे, तर घरट्यातील उष्णतेवर ठरते. सागरी कासवांत सुमारे २९ अंश सेल्सियसच्या खाली नर अधिक, वर माद्या अधिक. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अल्पवयीन कासवांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या. खेळातील ऋतू थोडे तापवावेत, आणि काही पिढ्यांनी खेळाडूच्या कळपात नरच उरू नयेत! हवामानबदलाचा अर्थ त्याला व्याख्यानावाचून कळेल.

कासवी आपल्या पिलांचे पोषण केवळ दृष्टीने करते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे आणि संतांनी तिचा दृष्टान्तही केला आहे. दृष्टान्त गोड आहे. पण वस्तुस्थिती अशी, की ओडिशाच्या वा कोकणच्या किनाऱ्यावर येणारी ऑलिव्ह रिडले कासवी वाळूत शंभराच्या आसपास अंडी पुरून समुद्रात निघून जाते, ती परतून पाहत नाही. फार अंडी आणि शून्य संगोपन, की थोडी पिले आणि दीर्घ संगोपन, ही निवड खेळाडूपुढे अवश्य ठेवावी.

यावर कोणी म्हणेल, की खेळ हा खेळ आहे. इतका काटेकोरपणा आणल्यास मौज जाईल. मला हे पटत नाही. बुद्धिबळातील उंटाला वाटेल तसे चालता आले असते, तर तो खेळ कोणी खेळला असता? मौज बंधनांतूनच येते. उलट, ‘निश’मध्ये हव्या त्या गुणाच्या उत्परिवर्तनाची शक्यता खेळाडूला वाढविता येते, ही सवलत मला खटकते. उत्परिवर्तन कोणाच्या इच्छेने घडत नाही. इच्छेप्रमाणे निवड करणे हे पशुपालकाचे काम, निसर्गाचे नव्हे. हा भेद शिक्षकाने मुलांपुढे उघड करून सांगितला पाहिजे.

या आग्रहाला कारण आहे. २०२३ साली दहावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी जाहीर हरकत घेतली. ज्या विद्यार्थ्याचे विज्ञानशिक्षण दहावीतच संपते, त्याची या विषयाशी गाठ कदाचित एखाद्या खेळातच पडेल. तेथे झालेला गैरसमज पुढे दूर करणारे कोणी नसेल. म्हणून कवच रचणाऱ्याने त्याची किंमतही त्याबरोबर नोंदवावी, एवढीच विनंती.