वाडीचा इतिहास कोणाचा?



गेल्या महिन्यात पाड्यावरची आम्ही चार पोरं एका जुन्या चिकूवाडीत गेलो. मजुरीला नाही, वाडी बघायला. आता मुंबईचे पाहुणे पैसे भरून वाडी बघायला येतात. माहिती सांगणारा चांगला बोलत होता. समुद्राची हवा झाडाला कशी मानवते, 2016 साली डहाणू घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन कसं मिळालं, मालकाच्या आजोबांनी किती कष्ट केले, सगळं सांगितलं. भिंतीवर आपली चित्रं होती. जेवणाआधी तारपा वाजला.

मी विचारलं, "ही झाडं लावायला खड्डे कोणी खणले?"

तो म्हणाला, "मजुरांनी."

झालं. एकाचंही नाव नाही, पाडा नाही. माझी आजी अशाच एका वाडीत म्हातारी झाली. डोक्यावर पाणी वाहून तिने रोपं जगवली. त्या माहितीत ती कुठेच नव्हती. आपण भिंतीवरच्या चित्रात चालतो, नाचायला चालतो, पण इतिहासात चालत नाही, असं कसं?

आपला इतिहास लहान नाही. सावकार-जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं, त्याला वेठ म्हणत. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही जन्मभर त्याच्या दारात, ते लग्नगडी. 23 मे 1945 ला तलासरीजवळ झरीला वारली जमले आणि आता वेठ करायची नाही असं ठरवलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर सोबत होते. मग गवत कापायच्या दरासाठी संप झाला. 500 पौंड गवताला अडीच रुपये मागितले. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. ही गोष्ट वाडी बघायला येणाऱ्या किती पाहुण्यांना कोणी सांगितली?

दुसरीकडे असं सांगतात. अमेरिकेत लुइझियाना राज्यात व्हिटनी नावाचा उसाचा जुना मळा आहे. तिथे काळ्या माणसांना गुलाम करून राबवलं होतं. 2014 पासून तो लोकांना बघायला खुला आहे. तिथे मालकाच्या बंगल्याचं कौतुक नाही, गुलामांची गोष्ट सांगतात. त्यांची नावं दगडावर कोरली आहेत. त्यांची गुलामी आणि आपली वेठ एक नव्हे. पण राबणाऱ्याचं नाव लिहिता येतं, एवढं त्यातून दिसतं.

आपल्या वाडीमालकांना आमचं सांगणं आहे. पाहुणे आणा, चिकू विका, आमचं भांडण त्याच्याशी नाही. पण वाडीची गोष्ट सांगताना कोणत्या पाड्याच्या माणसांनी ती उभी केली, त्यांना काय मजुरी मिळाली, हेही सांगा. आणि ते सांगायला आमचीच माणसं ठेवा, पगार देऊन.

पण मालक सांगेल म्हणून वाट बघत बसू नका. आपलं काम आपण करू. दर पाड्यातल्या दोन शिकलेल्या पोरांनी वही घेऊन म्हाताऱ्यांकडे बसावं. कोणाच्या वाडीत राबलात? काय मिळायचं? जंगलातली कोणती जागा तुमचा बाप कसायचा? हद्द कुठून कुठे? कोणता ओढा, कोणतं झाड, कोणता देव? नाव, गाव, तारीख लिहा. वाचून दाखवा. मग अंगठा घ्या.

ही नुसती आठवण नाही. वनहक्क कायद्याच्या नियम 13 मध्ये दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब पुरावा धरला आहे. त्याच्या जोडीला आणखी एक पुरावा लागतो, तोही शोधून ठेवा. दावा फेटाळला तर कोणी म्हणू नये की म्हातारी होती तोवर विचारलंच नाही.

माझ्या आजीला मी विचारलं नाही. ती मागच्या पावसात गेली. ती कोणत्या ओढ्याची गोष्ट सांगायची, ते आता घरात कोणालाच नीट आठवत नाही.

तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल तर आज रात्रीच चुलीजवळ बसा. वही नसेल तर या अंकाची मागची बाजू कोरी ठेवली आहे.